गुरुजींना वाचून दाखवलेली विहीर

“वैशाली, तीन पानं उलटलीस आणि वाचलंस एकच. मधल्या दोन पानांवर काय होतं?”

जाधव गुरुजींनी असं विचारलं आणि मी उलटलेली पानं परत मागे घेतली.

मी रत्नागिरीतल्या एका वाचनालयात सहायक ग्रंथपाल आहे. दर गुरुवारी सकाळी आमच्याकडे श्राव्यवाचन असतं. म्हणजे ज्यांना दिसत नाही अशा सभासदांना आम्ही पुस्तक वाचून दाखवतो. नियम एकच. छापलंय ते वाचायचं. पदरचं घालायचं नाही, गाळायचं नाही. गुरुजींनी मला शाळेत गणित शिकवलेलं. काचबिंदूने त्यांची नजर गेली, तरी ते रत्नागिरीजवळच्या पालीहून एसटीने एकटे येतात.

ही भयकादंबरी त्यांच्या पुतणीने मुंबईहून पाठवली होती. एक पंप मेकॅनिक जांभ्या चिऱ्याच्या खाणीतल्या विहिरीत उतरतो आणि त्याला तळच लागत नाही. गोष्ट साधी, पण छपाई विचित्र. तो उतरतो तसा मजकूर पानभर गोल फिरत आत जातो. काही ओळी उलट्या. समासात, म्हणजे पानाच्या कडेच्या कोऱ्या जागेत, भलतंच कुणीतरी बोलत असतं. पुस्तक फिरवता फिरवता माझी जीभ अडखळायला लागली. मग मी सरळ ओळी तेवढ्या वाचत गेले. त्यांना दिसत नाही, कळणार कसं, असंही मनात आलं होतं. तेही इथे लिहून टाकते.

“चुकलं, गुरुजी. पानं सरळ नाहीत. जमेना म्हणून गाळली.”

“आजच, की मागच्या गुरुवारीपण?”

“मागच्या गुरुवारीपण.”

त्यांनी काठी चाचपली. मला वाटलं, आता उठून जाणार. तेवढ्यात आमचे ग्रंथपाल आत आले. काय झालं ते मी सांगितलं.

“मॅडम, हे पुस्तक श्राव्यवाचनाला अयोग्य, असा शेरा मारा रजिस्टरला,” ते म्हणाले. “गुरुजींना दुसरं काहीतरी चांगलं काढून द्या.”

“साहेब, पुस्तक वाईट नाय,” गुरुजी म्हणाले. “ही प्रमेय सांगते आणि आकृती गाळते, एवढंच. काय गो, आकृतीशिवाय तुला मी कधी मार्क दिले होते काय?”

“नाही, गुरुजी.”

“मग आकृती दाखव.” त्यांनी उजवा हात पुढे केला.

मी त्यांचं बोट धरून पहिल्या शब्दावर ठेवलं. वाचत गेले तसं बोट नेत गेले. कडेने खाली, तळाशी वळून पुन्हा वर, दर फेऱ्याला थोडं आत. उलटी ओळ आली की पुस्तक त्यांच्याच हातात फिरवायचं. समासातला मजकूर आला की बोट कडेला न्यायचं आणि आवाज उतरवायचा. साहेब दारातच उभे राहिले.

“थांब.” गुरुजींनी बोट जागीच दाबून धरलं. “फेरे लहान होतायत. याला वळायलाच जागा नाय आता. वर कसा येणार?”

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मला दोन्ही डोळ्यांनी नुसती छपाई दिसली होती.

पुढच्या पानावर मधोमध एकच शब्द होता. त्याच्या भोवती त्यांनी बोट फिरवून पाहिलं. सगळा कोरा कागद.

“काय लिहिलंय?”

“‘ऐकतोयस?’”

“हा समासातला,” गुरुजी हलकेच म्हणाले. “आत आला तो.”

साहेब जवळची खुर्ची ओढून बसले.

पुढच्या गुरुवारी आम्ही पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली. काही आठवड्यांनी शेवटचं पान झालं तेव्हा गुरुजींनी पुस्तक स्वतःच मिटलं.

“डोळे गेल्यापासून सगळे मला जपून जपून वाचून दाखवतात,” ते म्हणाले. “असं घाबरवलं कुणीच नव्हतं. बरं वाटलं गो.”

त्यांनी तक्रार केली असती तर ती रास्तच ठरली असती. त्याऐवजी त्यांनी हात पुढे केला. शाळा सुटून इतकी वर्षं झाली, तरी त्यांनी मला आणखी एकदा शिकवलं. त्या उपकाराबद्दल त्यांच्या पाया पडले, तर म्हणाले, “एसटी चुकेल माझी.”

रजिस्टरला साहेबांनी स्वतः शेरा लिहिला: ‘योग्य. वेळ जास्त लागतो.’

मी माझ्यापुरतं एवढं ठरवलं आहे. एखादं पान आपल्याला जमत नसेल, तर ते ऐकणाऱ्याला सांगून टाकावं. बऱ्याचदा त्याला जमत असतं.