माय पाट अडवून बसली

माझ्या सासूचा राग पूर्ण उतरलेला उभ्या करडी गावात कोणी पाहिला नव्हता. सत्तरच्या दशकात मी लग्न होऊन आले तेव्हा तिची साठी जवळ आली होती. अकराव्या वर्षी या घरात येणं, सात बाळंतपणं आणि धानाच्या रोवण्यात, म्हणजे लावणीत गेलेले कितीतरी पावसाळे, या सगळ्याचा राग तिने नीट राखून ठेवला होता. घरात सगळे तिला माय म्हणत. माय बैलांवर रागवायची, बांधावरच्या बगळ्यांवर रागवायची, ढग आले की कशाला आले म्हणून आणि गेले की कुठे मेले म्हणून. सासऱ्यांशी तर ती थेट बोलतच नसे. ते ओसरीवर विडी ओढत बसले की गोठ्यातल्या म्हशीला विचारी, "तू तरी उठशीन का, का तुलेबी हातात पानी आणून देऊ?" म्हैस बिचारी उठायची. सासरे उठत नसत.

मी भंडाऱ्याची, शाळेत शिकवणारी. पहिल्या रोवण्यात मी लावलेली अख्खी ओळ तिने उपटून पुन्हा लावली. "मास्तरीणबाई, हे धान हाये, फळ्यावरची अक्षरं नाही. मंग पुसता येत नाही." त्या संध्याकाळी माझे सुजलेले पाय शेकायला पाणी तिनेच तापवलं, आणि ते ओततानाही बोलणं चालूच होतं.

मग ऐंशीनंतरच्या एका वर्षी धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या वेळेलाच पाऊस गेला. गावच्या तलावात पाणी होतं, पण त्याचा पाट आधी पाटलाच्या बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यांना लागायचा. त्याच्या बांध्या भरून वाहत होत्या, तरी खाली थेंब येत नव्हता. पुरुषांच्या तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीहून सासरे आले आणि म्हणाले, "पाटील म्हनते, पाहू."

माय त्या दिवशी म्हशीकडे वळलीच नाही. "पाहून पाहून डोये फुटले. धान का तुमच्या पाहन्यानं निसवते?" असं नवऱ्याच्या तोंडावर म्हणून तिने फडक्यात शिळा भात बांधला आणि निघाली. पाटलाच्या शेतात वळणारं पाटाचं तोंड तिने चिखलाने बुजवलं आणि त्या चिखलावर मांडी घालून बसली. पाटलाचा गडी उठवायला आला. "उचलून पाहाय," ती एवढंच म्हणाली. तिच्या मांडीवर विळा होता. गडी परत गेला. दुसऱ्या दिवशी पाटील स्वतः आला.

"माय, तुमच्या बांधीले पानी देतो. घरी जा."

"माही बांधी शेवटची हाये. मधातल्या अठरा घराइचं झालं का मंग माही."

दोन दिवस ती तिथेच बसली. अठरा घरांचं धान वाचलं. आमच्या बांधीपर्यंत पोचता पोचता पाणी संपलं, आणि निम्मं धान फोल गेलं.

पुढे गावात पाणीवाटपाची समिती झाली. पाच पुरुष, अध्यक्ष पाटील, आणि सभासद माझे सासरे. गळ्यात हार घालून पाचही जण फोटोसाठी उभे राहिले. तो फोटो आठवला की आजही माझं डोकं फिरतं. मी तणतणत शेतात गेले आणि विचारलं, "माय, तुम्ही काहून नाही बोलल्या?"

"बोलाले फुरसत कोनाले हाये? कापनी पडली हाये." असं म्हणून तिने विळा इतक्या जोरात ओढला की शेजारच्या बाया सरकल्या.

शेवटच्या दोन वर्षांत तिला माणसं ओळखू येईनात, आणि तिचा राग कधी गेला ते आम्हाला कळलंच नाही. जो जे देईल ते घ्यायची, जिथे बसवू तिथे बसायची. पाटील भेटायला आला तर त्यालाही हात जोडले. मला ते बघवेना. एका दुपारी मी मुद्दाम कच्चा भात वाढला आणि समोर बसले, बोलणी खायला तयार होऊन. तिने एकेक घास सावकाश चावला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बेस झाला वो बाई. कोनाची तू?"

मी तिच्या पुढचं ताट काढून घेतलं, पुन्हा भात टाकला, आणि तो शिजेपर्यंत तिचा हात धरून चुलीपाशी बसून राहिले.