बंदुका खाली

शहराचं नाव लष्कर, मोहल्ल्याचं नाव कंपू, आणि एवढ्या सगळ्या लढाऊ नावांत राहून तुकोजी ढमाले काही सैनिक नव्हता. पोलीसही नव्हता. तो शिबंदीत होता.

शिबंदी म्हणजे काय, हे त्या काळी ग्वाल्हेरीत कुणी कुणाला विचारत नसे, आणि विचारलं असतं तर सांगताना भल्याभल्यांची जीभ अडखळली असती. फौज लढायला असते, पोलीस धरायला असतात, आणि दोघांच्या मधे जी जागा उरते तिथे शिबंदी उभी असते. उभं राहणं हेच तिचं काम. फौजेला बूट होते, पोलिसांना पट्टा होता, शिबंदीला मिशा होत्या. बंदूक ज्यानं त्यानं घरून आणायची, बहुतेक आजोबांची. एकंदर शिबंदी किती, हेही कुणाला धड ठाऊक नव्हतं, कारण ती प्रसंगाप्रमाणे कमीजास्त होत असे. दसऱ्याच्या स्वारीत तिला पाहिलं की वाटे, ही आता दिल्ली घेऊनच परतणार. तिकडे चंबळेकडून डाकू उतरल्याची नुसती आवई उठली की निम्म्या शिबंदीच्या घरी एकाच दिवशी मावशी वारलेली असे.

तुकोजी या शिबंदीचा जमादार. त्याच्या हाताखाली मूठभर माणसं, सगळी भदौरिया आणि तोमर, मराठीशी त्यांचा संबंध ‘बसा’ आणि ‘जेवा’ एवढ्यापुरता. पहारा होता कंपूतल्या जुन्या फीलखान्यावर. हत्ती कधीच दुसरीकडे हलवले होते. पहाराही हलवायला हवा, हे कुणाला सुचलं नव्हतं. तुकोजीची बायको उषाताई म्हणे, “अहो, हत्ती पळून गेला तर दिसेल तरी. तुमच्या फीलखान्यातनं चोरानं न्यायचं काय, हवा?” तुकोजी शांतपणे पगडी बांधत म्हणे, “अगं, हवेलाही राखण लागते. बेवारशी हवा ठेवतं का कुणी?”

जर्मनशी झालेली मोठी लढाई संपून दोनतीन वर्षं झाली असतील, तेव्हा दरबारात काटकसरीचं वारं शिरलं. जुन्या शिबंदीची तपासणी करायची, कामाची माणसं पोलिसांत घालायची, बाकीच्यांना घरी पाठवायचं, असं ठरलं. तुकोजी पन्नाशीला आलेला. पोलिसांत त्याला कुणी घेणार नव्हतं, आणि घरी बसायचं म्हणजे उषाताईंच्या हुकमतीखाली. तिथे मधली जागा नव्हती. बाप शिबंदीत उभा होता, आजा उभा होता, आणि आपल्या वेळी सांगितलं जाणार की आता बसा.

शेजारचा जयसिंहराव त्याच लढाईतल्या मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, मोहिमेवरून परतलेला होता. तो खरा पलटणीतला, पायात गोळी घेऊन आलेला. एकदा ओट्यावर बसल्या बसल्या तुकोजीनं त्याला विचारलं, की एवढी दुनिया बघितलीस, तिकडे आमच्यासारखं काही असतं का? जयसिंहराव म्हणाला, असतं तर. फरांसिसांचे जांदार्म असतात, हुद्दा फौजेचा आणि काम कोतवालाचं. इटलीवाल्यांचे असतात, त्यांची टोपी उलटलेल्या होडीसारखी, वर तुरा. तुर्कांचे जप्तिये. रूसचे कोसाक, ते तर घोड्यावरून उतरतच नाहीत म्हणे. फौज लढायला गेली की मागे मुलुख हेच सांभाळतात, आणि कुठेकुठे फौजेचेच शिपाई दंगा करायला लागले तर त्यांनाही हेच आवरतात.

तुकोजी ऐकत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे जगभर आपली भावकी पसरली आहे की.”

“आहे. फक्त ते हुकूम पाळतात,” जयसिंहराव म्हणाला.

हे त्याला चांगलंच लागलं, कारण खरं होतं. त्याच्या शिबंदीची एक रीत होती. साहेबानं मराठीत हुकूम दिला की सगळी तुकोजीकडे बघत. तुकोजी तो हिंदीत सांगे. मग दौलतसिंह भदौरिया, जो सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत मोठ्या मिशांचा, तो जरा विचार करून मान हलवी, आणि त्यानंतर हुकूम अमलात येई. तोवर साहेबाचा चहा पिऊन होत असे. तपासणीला येणार होते दिनकरराव, देशावरून नुकतेच आलेले तरुण अधिकारी, साताऱ्याकडचे, हिंदीचा गंध नसलेले. असा उशीर ते मुळीच चालवून घेणार नाहीत, हे तुकोजीनं ओळखलं.

त्यानं सगळ्यांना अंगणात उभं करून बजावलं की या खेपेला माझ्याकडे बघायचं नाही. अर्थ विचारायचा नाही. साहेबाचं तोंड हललं की तुमचे हात हलले पाहिजेत. दौलतसिंहानं विचारलं, समझ में न आवे तो? तुकोजी म्हणाला, जेवढं समजेल तेवढं करा, पण झटकन करा.

दौलतसिंहाला एवढ्यानं समाधान वाटेना. साहेब पहिल्यांदा येतोय, बंदुकांची सलामी द्यायलाच हवी, असं त्याचं मत पडलं. तोड्याच्या बंदुका त्या. नुसती बारूद ठासली, गोळी नाही, आणि तोडे पेटवून मंडळी तयार राहिली. बारूद ठासलेली तसली बंदूक पुन्हा रिकामी करायचा सोपा मार्ग एकच असतो, आणि तो आवाज करतो.

दिनकरराव पांढऱ्या घोडीवरून फीलखान्याच्या दारात आले. समोर पाहतात तो मिशाळ म्हाताऱ्यांची रांग, बंदुका आभाळाकडे रोखलेल्या, प्रत्येकीजवळ वात धुमसते आहे. त्यांनी लगाम खेचला आणि स्वच्छ सातारी मराठीत म्हणाले, “आधी त्या बंदुका खाली करा.”

तुकोजी जन्माचा ग्वाल्हेरचा. त्याच्या एका कानानं ते मराठीत ऐकलं, दुसऱ्यानं हिंदीत, आणि हिंदीतल्या कानाला घाम फुटला. पण तो तोंड उघडेपर्यंत दौलतसिंहाचा हात हलला होता. आयुष्यात प्रथमच त्याला साहेबाचा हुकूम थेट समजला होता. बंदूकें खाली करो. सगळ्यांनी एकदम केल्या.

फीलखान्याच्या छपरातली यच्चयावत कबुतरं उठली. घोडी मागच्या पायांवर उभी राहिली, वळली, आणि दिनकररावांना घेऊन सराफ्याच्या दिशेनं सुटली. आवाज ऐकून सराफ्यात डाकूच आले असा समज झाला आणि दुकानांच्या फळ्या धडाधड लागल्या. दिनकरराव टांग्यातून परत आले तेव्हा पगडी नव्हती. ती कुण्या हलवायाच्या कढईत सापडली म्हणतात. हलवाई मात्र शेवटपर्यंत नाही म्हणत होता, कारण त्या कढईतली जिलबी त्यानं विकली होती.

त्याच दिवशी दुपारी सगळ्यांना तात्यासाहेबांपुढे उभं केलं. तात्यासाहेब म्हणजे खात्याचे वरिष्ठ, तीन पिढ्यांचे ग्वाल्हेरकर, अंग जड, आवाज मऊ. शिबंदी राहणार की जाणार, हे त्यांच्या एका शब्दावर. तुकोजी पगडी काढून हातात घेऊन उभा होता. घरी जाऊन उषाताईंना काय सांगायचं, याची मनात जुळवाजुळव चालली होती.

दिनकररावांनी सांगितलं की ही माणसं बेशिस्त आहेत, धोकादायक आहेत, आजच्या आज मोडून टाकावीत.

तात्यासाहेबांनी दौलतसिंहाकडे पाहिलं. तो म्हणाला, “हुकम भओ कि खाली करो, सो हमने कर दई.”

“मी बंदुका खाली करा म्हणालो होतो,” दिनकरराव म्हणाले.

“मग केल्या की,” तात्यासाहेब म्हणाले.

दिनकररावांना कळेना. तात्यासाहेबांनी त्यांना समजावलं की तुमचं ‘खाली’ जमिनीकडे जातं आणि यांचं ‘खाली’ म्हणजे रिकामं. बोलता बोलता त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, मग खुर्ची. डोळे पुसून ते म्हणाले, “दिनकरराव, या शिबंदीला हुकूम देता देता माझे केस पिकले. आज पहिल्यांदा तिनं एक जागच्या जागी पाळला. आणि तुम्ही म्हणता मोडा?”

शिबंदी राहिली. तुकोजीनं पगडी डोक्यावर घातली ती इतक्या घाईत, की उलटी बसली. घरी जाताना तो वाट वाकडी करून जयसिंहरावाच्या ओट्यापाशी थांबला आणि म्हणाला, तुझ्या त्या जांदार्मांना कळव, आम्हीही पाळतो.

उषाताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की तात्यासाहेबांनी नुसतंच सोडलं, अट काही घातली नाही? घातली होती. बारूद सगळी कोठारात जमा करायची.

पुढे दरबाराचं राज्य होतं तोवर फीलखान्याचा पहारा चालू राहिला. तुकोजी पार थकेपर्यंत तिथे उभा राहिला. नवा साहेब येवो, मराठी बोलो की हिंदी, हुकूम समजण्याची अडचण त्या शिबंदीला पुन्हा आली नाही. तिच्या बंदुका आता दोन्ही भाषांत खालीच होत्या.