सुक्या मासळीचे दुकान आणि लाल पान

सेवेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. मोठमोठे तपास आता डोक्यात एकमेकांत मिसळतात, पण पनवेलजवळच्या ठाण्यात आलेला एक साधा तक्रार अर्ज जसाच्या तसा लक्षात आहे. आठवला की आजही हसू येते.

स्मार्टफोन तेव्हा नुकते घराघरांत शिरत होते. मी त्या ठाण्याचा पोलीस निरीक्षक. सकाळची हजेरी आटोपून चहा घेत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदार चाळिशीच्या एका गृहस्थाला आत घेऊन आला. खारघरला राहणारा, बँकेत अधिकारी. अर्ज व्यवस्थित टाइप केलेला, सोबत कॉम्प्युटरच्या पडद्याचे फोटो.

"साहेब, माझ्या आईला कोणीतरी फसवतंय."

आई निवृत्त शिक्षिका. नवरा जाऊन काही वर्षे झाली होती. उतारवयातल्या एकट्या माणसांच्या एका मंडळात ती जाऊ लागली होती. मंडळाची वेबसाइट होती. सभासद तिथे आपली माहिती आणि फोटो भरत, सहली ठरवत, जमले तर लग्नाचेही बोलत. मुलाने एकदा ती वेबसाइट उघडली, तर पडद्यावर लालभडक पान आले. मंडळाच्या वेबसाइटने दाखवलेले सर्टिफिकेट दुसऱ्याच नावाचे आहे, सावध राहा, असा त्याचा मतलब. आणि ते दुसरे नाव होते उरणकडच्या एका सुक्या मासळीच्या दुकानाचे! वर मंडळ चालवणाऱ्या माणसाने आईला मेसेज केला होता, 'लाल पान आलं तर घाबरू नका. खाली पुढे जा असं असेल ते दाबा.'

"बँकेत आम्हाला हेच शिकवतात," मुलगा म्हणाला. "असं सांगणारा माणूस चोर असतो. आणि आई त्याच्याशी लग्न करायचं म्हणतेय."

शेवटचे वाक्य तो टेबलाकडे बघत बोलला. मोठे दुखणे माणूस सर्वांत शेवटी सांगतो, हे ठाण्यात बसणाऱ्याला लवकर कळते.

तरी अर्ज हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. लग्नाचे आमिष दाखवून एकट्या बायकांना लुबाडणारे महाभाग मी पाहिले होते. हा तसाच असेल तर बाईंना वाचवायला हवे होते. तसा नसेल आणि मी घाईने गुन्हा दाखल केला, तर एका भल्या माणसाचे नाव मातीत जाणार होते आणि बाईंना या वयात मिळालेली सोबत तुटणार होती. मी स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि आधी प्राथमिक चौकशी लावली.

दुसऱ्या दिवशी मंडळ चालवणारा तो माणूस बोलावलेल्या वेळेच्या आधीच हजर झाला. साठीचा कोळी गृहस्थ, विधुर, बंदरातल्या एका कंपनीच्या कॉम्प्युटर खात्यातून निवृत्त झालेला. दुकान त्याच्या बहिणीचे, पण तिची वेबसाइट हाच सांभाळायचा. तक्रारदार मुलगा आलाच होता. त्याच्या मागोमाग, कोणी न बोलावता, त्याची आईही आली. मुलाशेजारची खुर्ची सोडून ती थेट त्या गृहस्थांच्या शेजारी बसली. माझ्या चौकशीला पहिला धक्का तिथेच बसला.

मी आवाज चढवला. "मंडळाच्या वेबसाइटवर मासळीच्या दुकानाचं नाव कसं? आणि लोकांना पुढे जायला का सांगता?"

"सायेब, दोनी वेबसाइटी एकाच सर्व्हरवर हायेत. सर्टिफिकेट दुकानाचे नावानं घेतलेलं. त्याचेवरच मंडळबी बसवलं. यात काय चुकलं?"

"एकाच्या नावावर दुसरा?"

"आमचे मासळी बाजारान तसंच चालतंय. ओट्याचं लायसन सासूचे नावावर. सुना, नणंदा, समद्या तितंच बसून इकतात. गिऱ्हाईक कदी इचारत नाय, तुजं नाव काय म्हणून. माल बघतंय, मानूस बघतंय."

इतक्या निष्पाप चेहऱ्याने दिलेला जबाब मी क्वचितच ऐकला असेल. पण निष्पाप चेहऱ्याचे चोरही मी पाहिले होते. म्हणून आयुक्तालयाच्या सायबर कक्षातल्या महिला उपनिरीक्षकांना बोलावून घेतले.

त्यांनी ठाण्याच्या कॉम्प्युटरवर दोन्ही वेबसाइट उघडल्या, सर्टिफिकेट तपासले, मंडळाच्या दोन-तीन सभासदांना फोन केले. मग माझ्याकडे वळल्या.

"साहेब, दुकान खरं आहे आणि मंडळही खरं आहे. सर्टिफिकेट म्हणजे वेबसाइटचं ओळखपत्र. यावर एकच नाव आहे, दुकानाचं. मंडळाच्या नावाने कोणी आलं की सर्व्हर हेच ओळखपत्र पुढे करतो. नाव जुळत नाही, म्हणून ब्राउझर ओरडतो. फसवणूक कुठेच नाही."

मुलाच्या खांद्यावरचे ओझे उतरले असावे, पण चेहऱ्यावर ते दिसेना. चोर सापडला असता तर त्याला सोपे गेले असते.

उपनिरीक्षक मात्र त्या गृहस्थांना सोडायला तयार नव्हत्या. "पण काका, तुम्ही या लोकांना धोक्याची सूचना ओलांडायची सवय लावलीत. उद्या खरा चोर असंच लाल पान घेऊन आला, तर ही माणसं तिथेही पुढे जा दाबतील."

 गृहस्थ बाईंकडे बघून म्हणाले, "ह्ये माजे ध्यानातच नाय आलं. माजेवर भरवसा ठेवून तुमी दाबत होतात." त्यांचे डोळे भरून आले होते.

"आता काय करायचं ते सांगा," बाई उपनिरीक्षकांना म्हणाल्या. शाळेत वर्ग गप्प करणारा आवाज असावा.

उपाय दोन होते. दोन नावांची दोन वेगळी सर्टिफिकेट घेता आली असती. पण आपल्याला दोनांतली कोणती वेबसाइट हवी आहे हे जुने कॉम्प्युटर आणि जुने फोन सर्व्हरला आधी सांगत नसत, आणि मंडळात बहुतेकांकडे जुनेच होते. सर्व्हरने भलतेच ओळखपत्र पुढे केले असते आणि त्यांना पुन्हा लाल पान दिसले असते. त्यापेक्षा दोन्ही नावे घातलेले एकच सर्टिफिकेट बरे, असे उपनिरीक्षकांचे मत पडले.

"म्हंजे कोणीबी उघडून बघितलं, का मंडळाचं नाव सुकटीचे दुकानासंगं दिसंल?" गृहस्थांनी विचारले.

"दिसेल."

"मंग नको." ते खाली बघत होते. "ही शिकलीसवरली मानसं. बाईंचे घरात तर अंडंबी शिजत नाय. लोक हसतील त्यांना."

"मला पहिल्याच सहलीत सांगितलं होतंत तुम्ही, अंगाला मासळीचा वास येईल म्हणून," बाई म्हणाल्या. "मी उठून गेले का? दोन्ही नावं एकत्र घाला."

मुलगा इतका वेळ ऐकत होता. तो हळूच म्हणाला, "आई, मला आधी सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर नको म्हणाला असतास."

त्याने टेबलावरचे पडद्याचे फोटो गोळा केले. मग म्हणाला, "हो. म्हणालो असतो." त्या उत्तरासाठी तो मला आवडला. ठाण्यात इतके सरळ उत्तर फार थोडे लोक देतात.

मी आयुष्यभर संशयावर पोट भरले, आणि संशय घेणाऱ्याला दोष देणार नाही. त्या मुलाने वेळेवर तक्रार केली, ते योग्यच केले. पण त्या दिवसापासून मी तक्रारदाराला आणखी एक प्रश्न विचारू लागलो, तुम्हाला भीती नेमकी कशाची वाटते? पुष्कळदा त्याच्या उत्तरातच अर्धा तपास होऊन जायचा. आई लुबाडली जाईल ही त्या मुलाची भीती होतीच, पण ती आपली उरणार नाही ही त्याहून मोठी होती. कायद्यात या भीतीसाठी कलम नाही.

अर्ज निकाली काढायचा तर मुलाचा जबाब घ्यावा लागणार होता. ठाणे अंमलदाराने कागद ओढला आणि नेहमीच्या कोरड्या आवाजात विचारले, "तुमची काही तक्रार नाही, असं लिहितो. या गृहस्थांची आणि तुमची ओळख काय?"

मुलाने त्या दोघांकडे पाहिले. आई छताकडे बघत होती.

"आमच्या घरचे आहेत," तो म्हणाला. "तसंच लिहा."