करंगळीएवढं कणीस

देगलूरला आमचे शेजारी काका प्रत्येक बोलण्याला ‘हाव का न्हाई?’ जोडतात. यंदा सुनेला भाजीसाठी हवं म्हणून त्यांनी परसात बेबी कॉर्न लावलं. केस फुटले की लगेच, करंगळीएवढं असतानाच तोडायचं, हे त्यांना पाठ होतं. रोज सकाळी ते कणसाला करंगळी लावून बघत, कात्री उघडत आणि मिटत.

“दाणा भरायच्या आधीच तोडायचं जिवावर येऊन राहिलं. एक दिवस थांबू. हाव का न्हाई?”

असे वीस दिवस गेले. काल त्यांनी अख्ख्या गल्लीला हाक मारली, “या, बेबी कॉर्न खायला!”

शेगडीवर मनगटाएवढी कणसं तडतडत होती. सून हसत हसत तिखटमीठ लावत होती.

“काका, हे बेबी?”

“बेबीच हाय. जरा खात्यापित्या घरचं. हाव का न्हाई?”

तोंडं भरलेली होती, म्हणून आम्ही सगळ्यांनी नुसत्या माना हलवल्या.