जवाबी कार्ड

जोंधळा मापताना मामांच्या तोंडून आकड्याशिवाय शब्द निघत नसे, आणि मापून झाला की प्रश्नाशिवाय शब्द निघत नसे. ते जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी होते. माप भरायचं, ओतायचं आणि मोठ्यानं आकडा म्हणायचा. पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मध्ये बोललं की मोजणी चुकते आणि शेतकरी व आडत्या दोघंही अंगावर येतात. म्हणून माप चालू असताना कानावर काही पडलं आणि विचारावंसं वाटलं, की मामा दोन पोत्यांच्या मधल्या वेळात उपरण्याच्या टोकाला एक गाठ मारून ठेवत. काम आटोपलं की गाठी सोडत बसायचे. एक गाठ, एक प्रश्न. कुठली गाठ कशाची, हे त्यांचं कधी चुकलं नाही.

ते माझ्या आईचे चुलतभाऊ. नाव रंगनाथ, पण जुन्या जालन्यातली आमची सगळी गल्ली त्यांना चौकशीमामा म्हणायची. मोंढ्यातून घरी जाताना ते आमच्या ओट्यावर टेकत आणि पाण्याचा तांब्या हातात घेऊन सुरू करत. बर्फ औरंगाबादेहून निघतो तेव्हा केवढा असतो आणि इथं पोचतो तेव्हा केवढा उरतो? मधला कुणाच्या हिशेबी? न्हाव्याचा आरसा भिंतीला सरळ का टांगत नाहीत? राजूरला चतुर्थीला इतके नारळ फुटतात, तर शेंड्या जातात कुठं? या शेवटच्या प्रश्नासाठी ते एकदा राजूरला जाऊन देवळामागं दुपारभर उभे राहिले होते. आईनं प्रसाद मागितला तेव्हा लक्षात आलं की दर्शन घ्यायचं राहूनच गेलं.

या माहितीचं ते करत काहीच नसत. बर्फाचा धंदा त्यांना करायचा नव्हता आणि न्हाव्याचाही नाही. उत्तर मिळालं की "असं का" म्हणून ते तांब्या खाली ठेवत आणि उठून घरी जात. वडील वैतागत. वडील शाळामास्तर होते, उत्तरं देण्याचा त्यांना पगार होता, पण तो शाळेच्या वेळेपुरता. आई म्हणायची, याला उत्तर मिळालं की भूक लागते, मग जेवायला ताटकळलेल्या वहिनीची सुटका होते.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं तेव्हा मामांच्या डोक्यात विमान शिरलं. हैदराबादेहून मद्रासला, मुंबईला विमानं जातात, तिकीट काढून कुणालाही बसता येतं, असं मोंढ्यात कुणीतरी बोललं होतं. मामांनी स्टेशनमास्तरांना गाठून विचारलं, विमानात थर्ड क्लास असतो का? ते हसले. म्हणाले, अहो, उडणाऱ्या वस्तूत थर्ड कुठला?

"मंग थर्डातल्या माणसानं जायचंच न्हाई का?" मामा म्हणाले. सूर तक्रारीचा नव्हता. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं.

त्यानंतर महिनाभर आमच्या ओट्यावर विमानच होतं. मामांचा मुख्य मुद्दा वजनाचा. ज्याला वर उचलायचं त्याचं वजन आधी माहीत पाहिजे, हे मापाड्याला सांगावं लागत नाही. तर मग माणसाला तोलून घेतात का? घेत असतील तर तिकीटही वजनावर का नाही? हडकुळ्या माणसाला स्वस्तात जाता आलं पाहिजे. "आमची मंडळी अर्ध्या तिकिटात जाईल," असं ते म्हणाले, तेव्हा मामी दारातच उभी होती. ती म्हणाली, मला कुठं जायचं न्हाई, तुम्ही आधी घरी चला.

त्याच सुमाराला माझ्यासाठी स्थळ आलं. मी अठराची झाले होते, आणि वडील तीन वर्षं चपला झिजवत होते. मुलगा औरंगाबादचा, नोकरी हैदराबादला सरकारी कचेरीत. पाहायला येणार त्या सकाळी वडिलांनी मामांना बाजूला घेऊन बजावलं, की मामा म्हणून तू बैठकीत पाहिजेस, पण आज माप चालू आहे असं समजून बस.

मामा तसेच बसले. मी शिऱ्याच्या बशा घेऊन बाहेर गेले तेव्हा उपरण्याला चारपाच गाठी पडलेल्या दिसल्या. मुलाचे वडील आणि काका बोलत होते. मुलगा आधी गप्प होता. मग माझ्याकडे एकदा पाहून, काही कारण नसताना, म्हणाला की गेल्या महिन्यात कचेरीच्या कामानं मुंबईला विमानानं गेलो होतो.

मामांच्या हातातली बशी खाली आली. वडिलांनी डोळे वटारले, पण आता उपयोग नव्हता.

"तोलून घेतात का हो माणसाला?"

मुलगा म्हणाला, तोलत वगैरे नाहीत, तिकीट दाखवायचं आणि बसायचं. थर्ड क्लास? आहे ना, मागच्या बाजूला लाकडी बाकं असतात. मामांनी हात जोडले. इतक्या दिवसांनी एक माहीतगार माणूस भेटला होता. मुलगाही खूश दिसला. मुलाकडच्यांनी जाताना पसंती सांगितली, सुपारी फोडायचा दिवस ठरवला, आणि वडील संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी गुणगुणले.

दुसऱ्या दिवशी मामांनी ही बातमी मोंढ्यात सांगितली. तिथं एक आडते होते, हैदराबादेत पेढी असलेले, खरोखर विमानानं जाऊन आलेले. ते म्हणाले, कोण म्हणतं तोलत नाहीत? मला जोड्यासकट काट्यावर उभं केलं होतं. आणि लाकडी बाकं बिलकुल नाहीत, सगळ्यांना एकसारख्या खुर्च्या.

आता इथं दुसऱ्या कुणीही ओळखलं असतं की दोघांपैकी एकजण थापा मारतोय, आणि कोण, हेही ओळखलं असतं. मामांच्या ते मनातही आलं नाही. त्यांच्या धंद्यात एकाच पोत्याचं माप दोनदा वेगळं आलं, तर कुणाला खोटं म्हणत नाहीत. तिसऱ्यांदा मापतात. मामांनी पोस्टातून जवाबी कार्ड आणलं. त्याला दोन पानं असतात, एकावर आपण लिहायचं, दुसऱ्यावर समोरच्यानं. त्या दुसऱ्या पानावर त्यांनी स्वतःचा पत्ता घातला, म्हणजे व्याह्यांना तोशीस नको. मजकूर त्यांनी मला वाचून दाखवला असता तर मी कार्ड तिथंच फाडलं असतं. पण तो मला नंतर कळला: "आपल्या चिरंजीवांनी विमानात माणूस तोलत नाहीत असे सांगितले. येथील एका गृहस्थांना तोलले. तरी चिरंजीव कोणत्या विमानाने गेले व त्यात बाके किती होती, याचा सवडीने खुलासा व्हावा. घाई नाही."

कार्ड उघडंच जातं. औरंगाबादला ते मुलाच्या काकांच्या हाती पडलं आणि त्यांनी भरल्या घरात मोठ्यानं वाचलं. मुलगा सुटीवर आलेला होता. आधी त्यानं चिडून पाहिलं, मग कबूल केलं की साहेब विमानानं गेले होते, तो त्यांची बॅग घेऊन विमानतळापर्यंत गेला होता. हे सगळं मध्यस्थांनी पुढं सांगितलं. माणूस वाईट नसावा. जरा मोठं दिसावं असं त्याला वाटलं, आणि तेही मला दाखवायला, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

उत्तर आलं ते त्याच कार्डाच्या दुसऱ्या पानावर, मामांच्याच अक्षरातल्या पत्त्यावर. मोंढ्यात पोस्टमननं ते त्यांच्या हातात दिलं. एकच ओळ होती, की आमच्या मुलाची झडती घेणाऱ्या घरी सोयरीक करण्याची आमची इच्छा नाही.

मामा काम टाकून आले. कार्ड वडिलांच्या पुढ्यात ठेवलं आणि उभे राहिले. वडिलांनी ते दोनदा वाचलं.

"रंगनाथ, तुला विमानात बसायचं होतं?"

"न्हाई, दाजी."

"मग कशाला विचारलंस?"

"सहज," ते म्हणाले.

"तुझ्या सहजापायी माझी पोरगी घरात राहिली."

मामा माझ्याकडे न बघता गेले. मी एक दिवस रडले. त्या मुलासाठी नव्हे, त्याचा चेहरा मला नीट आठवतही नव्हता. सुपारीसाठी घेतलेलं निळं लुगडं आई दुकानात परत द्यायला निघाली म्हणून रडले. दुसऱ्या दिवशी उठून दळण घातलं.

पण त्यानंतर स्थळ येईना. त्या घरात प्रश्न विचारतात, ही गोष्ट पसरली होती. वरून दिवस बिघडत चालले. निजामाच्या राज्यात गावोगाव धुसफूस, जाळपोळीच्या बातम्या. घरात लग्नाची मुलगी म्हणजे आईबापांच्या छातीवर धोंडा. शेवटी आईला आणि मला वऱ्हाडात मावशीकडे पोचवायचं ठरलं. वडिलांना शाळा सोडता येईना. बैलगाडी घेऊन मामा आले. बोलावलं नव्हतं, नुसते आले.

देऊळगाव राजाच्या वाटेनं आम्ही निघालो. हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता. निजामाच्या राज्यातून बाहेर जाणारी बोचकी तिथं सोडून बघत. एरवी मामांनी तिथल्या कारकुनाला सोडलं नसतं. जप्त केलेल्या मालाचं काय होतं, हे विचारल्याशिवाय ते हलले नसते. त्या दिवशी त्यांनी बोचकी सोडली, बांधली, कासरा हातात घेतला. सबंध वाटेत चकार शब्द नाही. पलीकडे गेल्यावर आईला रडू फुटलं. मला वाटलं, सुटलो म्हणून. ती म्हणाली, "माझा भाऊ मुका झाला गं."

अठ्ठेचाळीस सालच्या पावसाळ्याच्या शेवटी, पोलीस ॲक्शननंतर, आम्ही परतलो. दोन महिन्यांनी परभणीहून एक शाळामास्तर मला पाहायला आले, एका थोरल्या भावाला घेऊन. मी वीस पुरी केली होती. हे स्थळ मोडलं तर पुढचं बिजवराचं असणार, हे घरात कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. मामांना आईनं हट्टानं आणून बसवलं. ते भिंतीला टेकून, हात मांडीखाली धरून बसले.

गोत्र झालं, गाव झालं, हवापाणी झालं. वडील इतके घाबरलेले, की कामाचं काही विचारतच नव्हते. थोरला भाऊ आता उठूया म्हणाला. मी दारात उभी. ज्या घरात जन्म काढायचा त्याबद्दल मला काडीची माहिती नव्हती, आणि ती काढून देणारा माणूस हात मांडीखाली घेऊन बसला होता. त्याला बोलता येत नव्हतं, तर मलाच बोलणं भाग होतं.

"घरात माणसं किती? अन् पाणी कुठून आणतात?" मी विचारलं.

आईनं डोळे मिटले. वडिलांनी पंच्यानं कपाळ पुसलं. मास्तरांनी मात्र सरळ माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, माणसं नऊ. पाणी आडाचं. आड खोल आहे आणि उन्हाळ्यात तळ गाठतो, तेव्हा त्रास होतो.

"खोल म्हंजे किती पर..." भिंतीकडून आवाज आला आणि मामांनी तोंडावर हात दाबला.

"सात परस," मास्तर म्हणाले. परस म्हणजे पुरुषभर खोली. "आणि चैत्रापासून पाणी मी ओढतो. आईच्यानं होत नाही."

लग्न झालं. नऊ माणसं खरी निघाली, सात परसही खरं निघालं. पाणी ते ओढत, पण रोज नव्हे. तेवढं मी धरलं नाही.

परभणीहून मी मामांना पत्रं लिही. चौकशा ते करणार नाहीत हे माहीत होतं, म्हणून आपणच सगळं लिही. घराचं दार केवढं, इथला बाजार कुठल्या वारी, शेजारचा कासार बांगड्या कशा भरतो. उत्तर येई ते दोन शब्दांचं: "पत्र पोचले. समाधान झाले." मला थोडा रागच येई. इतकं लिहावं आणि पलीकडून काहीच नाही. पाचसहा वर्षांत लिहिणं कमी झालं, मुलं झाली, मग संक्रांतीपुरतं उरलं.

मामा तापानं गेले. चार दिवसांचा ताप, कळवायलाही वेळ झाला नाही. मी पंधरा दिवसांनी जालन्याला गेले. मामी दळण निवडत होती. मीही सुपाशी बसले आणि मनातलं बोलून गेले, की मामांनी माझ्या पत्रांना नीट उत्तर कधी दिलं नाही.

मामीनं हात थांबवला.

"तुझं पत्र आलं की दोन दिवस मला जीव नको करायचे, बाई. दार केवढं लिहिलं तिनं, पण कुठल्या तोंडाचं ते लिहिलं न्हाई. कासार हिंदू का मुसलमान, ते लिहिलं न्हाई. मी म्हणे, मला काय पुसून राह्यले, तिला पुसा की. तर म्हणायचे, न्हाई, तिच्या घरी आपलं कार्ड जायचं न्हाई. एकदा मोडलंय."

मी विचारलं, आणखी काय काय पुसायचे?

मामीला सगळं पाठ होतं. ती एकेक सांगत गेली, मी एकेक उत्तर देत गेले. दार पूर्वेचं. कासार मुसलमान, त्याचा बापही तेच करायचा. बाजार गुरुवारी, कारण बुधवार शेजारच्या गावानं घेतलेला. काही गोष्टी मलाही माहीत नव्हत्या. त्या परत गेल्यावर बघून कळवते म्हणाले. सूप निवडून झालं तरी मामीचं संपलं नव्हतं, तेव्हा मी दुसरं भरून घेतलं.