यशाच्या भिंतीवर माझी सून

माझ्या सुनेचा फोटो ठाण्यातल्या एका दवाखान्याच्या भिंतीवर लावलेला होता. फोटोत ती खुर्चीत बसली आहे, पदर पुढे धरलेला, पदरात नारळ, तांदूळ आणि ब्लाउजपीस. शेजारी पांढऱ्या कोटातली बाई दात दाखवून हसते आहे. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आमच्या यशस्वी माता'. हा फोटो काढल्यावर थोड्याच आठवड्यांत माझ्या सुनेचा गर्भ गेला. फोटो मात्र तिथेच राहिला. तो मी काढून आणला, त्याची ही हकिकत.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर माझं भांडण त्या एकाच दवाखान्याशी आहे असं होईल. माझं भांडण त्यांच्या यशाच्या आकड्याशी आहे. तोही लिहिणार नाही. खोटी गोष्ट पुन्हा लिहिली की आणखी चार माणसं ती वाचतात.

आम्ही ठाण्यातल्या कोपरीचे. नवरा आणि मी दोघंही वागळे इस्टेटमध्ये कामाला होतो, तो मशीनवर, मी पॅकिंगला. माझं शिक्षण चौथीपर्यंत. नवरा गेला, मुलगा एकच. सून कल्याणजवळच्या मोहन्याची, डोंबिवलीच्या एका शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नव्हतं. मी तिला त्यावरून कधी टोचून बोलले नाही. चांगुलपणा म्हणून नव्हे, मला दुसऱ्याच्या पोटाची चौकशी करायचा कंटाळा आहे. मूल तिला हवं होतं. मनापासून हवं होतं. मला नातवंड झालं असतं तर आवडलं असतं, नसतं झालं तर मी काही मरत नव्हते.

शेवटी आयव्हीएफ करायचं ठरलं. म्हणजे बाईला इंजेक्शनं देऊन तिची बीजं बाहेर काढतात, नवऱ्याच्या बीजाशी काचेत मिळवतात आणि गर्भ तयार झाला की तिच्या पोटात सोडतात. मुलगा जेवताजेवता फोनवर दवाखाने बघत बसायचा.

"आई, हा बघ. ह्यांचा सक्सेस रेट सगळ्यात हाय आहे."

"कसला रेट?"

"म्हणजे शंभर जणींतल्या किती जणींना होतं तो."

"आणि तो कल्याणचा? विहीणबाई सांगत होत्या तो?"

"सोड गं. त्यांचा खूपच कमी आहे. एकटीच डॉक्टरीण चालवते. जुनी बिल्डिंग, लिफ्टपण नाही."

भाजीवाल्यांचे भाव बघावेत तसे आम्ही दोन आकडे शेजारी ठेवले आणि मोठा उचलला. दोन्ही आकडे एकाच मापाने मोजलेत की नाही, हे आमच्यातल्या कोणाच्याही मनात आलं नाही. गणित शिकवणारीच्याही नाही.

सुनेने सगळं केलं. पोटावर सुया टोचून घेतल्या, काळेनिळे डाग घेऊन वर्गात उभी राहिली, गर्भ सोडल्यावर जिना चढतानासुद्धा श्वास धरून चढायची. मग रक्ताची तपासणी झाली आणि ती पॉझिटिव्ह आली. त्या दिवशी मी आणि विहीणबाई दोघी तिच्याबरोबर होतो.

आम्ही उठणार तोच दवाखान्यातल्या दोन मुली ताट घेऊन आल्या. हळद, कुंकू, नारळ. सुनेला खुर्चीत बसवलं आणि तिची ओटी भरायला लागल्या.

"अहो, आत्ता ओटी कसली?" मी म्हटलं. "ओटी सातव्यात भरतात."

"आजी, आमच्याकडे पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येक पेशंटची भरतो. मॅडम, इकडे बघा, स्माइल." पांढऱ्या कोटातली एक बाई शेजारी येऊन उभी राहिली आणि फोटो निघाला.

आमच्यात तीन महिने पुरे होईपर्यंत दिवस राहिल्याचं कोणी कोणाला सांगत नाही. मी माझ्या सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं. म्हणून जिना उतरताना मी विहीणबाईंना बजावलं, की तोंड बंद ठेवायचं.

त्या डोळे पुसत म्हणाल्या, "विहीणबाई, दवाखान्याने स्वतः ओटी भरली. म्हणजे त्यांची खात्री असणार ना? शिकलेले डॉक्टर उगाच का ओटी भरतील? आणि ओटी भरलेली बाई लपवायची तरी कशी?"

मलाही ते पटलं. ओटी म्हणजे आमच्यासाठी पक्कं झाल्याची खूण. ती कोणी कच्च्यावर भरेल, हे आमच्या डोक्यातच येत नाही. विहीणबाईंनी अर्ध्या मोहन्यात पेढे वाटले. मग मुलाने कोपरीत वाटले.

सोनोग्राफीत ठोके नव्हते. डॉक्टर म्हणाले, "असं होतं कधी कधी. नेक्स्ट सायकलला बघू." आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मग पेढे खाल्लेल्या सगळ्या बायका समजूत घालायला आल्या. तीन महिने गप्प राहायची रीत कशासाठी आहे, ते मला तेव्हा कळलं. देवाधर्मासाठी नाही. गेलंच, तर बाईला दार लावून रडता यावं म्हणून आहे. माझ्या सुनेला ते रडणंही मिळालं नाही. तिला चहा करत बसावं लागलं.

त्यातली एक म्हणाली, "माझ्या नणंदेच्या सुनेला तिथेच पहिल्या झटक्यात झालं हो. हिचंच कसं टिकलं नाही?"

"चहा संपवा आणि निघा," मी म्हटलं. ती निघाली, पण 'हिचंच कसं' मागे ठेवून गेली.

पुढचे महिने सून शाळेत जात होती, स्वयंपाक करत होती, आणि तिच्याशी बोललं तर भिंतीशी बोलल्यासारखं वाटत होतं. मुलगा म्हणायचा, पुन्हा तिथेच करू, बेस्ट रेट त्यांचाच आहे. ती म्हणायची, आता कुठेच नाही. एकदा पोळ्या लाटताना मला म्हणाली, "आई, हिशोब सरळ आहे. तिथे एवढ्या जणींना होतं. म्हणजे दवाखान्यात खोट नाही. मग उरतं कोण? मीच ना? तुम्हाला दुसरी सून आणायची असेल तर आणा."

"एकीलाच रोज डबा हातात द्यावा लागतो. दुसरी कुठे ठेवू?"

एरवी ती हसली असती. हसली नाही.

मूल नको म्हणून ती थांबली असती, तर मी एक शब्द बोलले नसते. शरीर तिचं आहे. पण तिला मूल हवंच होतं. दवाखान्याबाहेरच्या बोर्डावरच्या आकड्याने तिला नापास ठरवलं होतं आणि तिने ते मान्य करून टाकलं होतं. हे मला सहन होत नव्हतं.

विहीणबाईंनी फोन करून पिच्छा पुरवला, की निदान कागद तरी कल्याणच्या डॉक्टरणीला दाखवा. कागद ठाण्याच्या दवाखान्यात होते. सून तिथे पाय ठेवायला तयार नव्हती, मुलाला सुट्टी नव्हती. मी गेले.

थांबायला सांगितलं, म्हणून थांबले. शेजारी एक बाई बसली होती, माझ्या सुनेच्या वयाची. बोलता बोलता म्हणाली, तिची सगळी इंजेक्शनं झाली, बीजं काढली, पण गर्भ तयारच झाला नाही. पोटात सोडायला काही नव्हतंच. आता पुढे काय, ते विचारायला आली होती. तिचं ऐकत असताना माझी नजर समोरच्या भिंतीवर गेली आणि मला माझी सून दिसली. पदरात नारळ घेऊन.

मी काउंटरवर गेले. "तो फोटो काढा."

"का आजी? किती छान आलाय!"

"ती माझी सून आहे. तिचं मूल गेलं."

मुलीने चेहरा पाडला. "सो सॉरी, आजी. पण त्या पॉझिटिव्ह आल्या होत्या ना?"

"मग?"

"मग आमच्याकडे तो सक्सेसच असतो."

"मूल कुठे आहे?"

"पुढचं आमच्या हातात नसतं हो. आमचं काम प्रेग्नन्सी आणून देणं."

"बाहेर बोर्डावर आकडा लावलाय, त्यात माझी सून धरलीये?"

"धरणारच ना," ती म्हणाली, जणू माझ्यावर उपकार केले होते.

मी शेजारच्या बाईकडे बोट दाखवलं. "आणि ह्या? ह्यांना कशात धरता?"

मुलीने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "ह्यांचं ट्रान्सफरच झालेलं नाही, गर्भ सोडलाच नाही. ट्रान्सफर झालेल्यांचाच रेट काढतात आजी. सगळीकडे तसंच असतं."

ती बाई बसल्या जागेवरून म्हणाली, "म्हणजे मी इथे आलेच नाही, असं?"

मुलगी पुन्हा कॉम्प्युटरकडे वळली. मी विचार केला, ही सुया टोचून घेऊन इथे बसली आहे आणि हिला मोजतच नाहीत. माझ्या सुनेचा गर्भ गेला आणि तिला यशात मोजतात. मग ह्यांचं अपयश असतं तरी कुठे? मी खुर्ची ओढली, वर चढले आणि फोटो खाली घेतला.

आतून एक साहेब आला. "आजी, उतरा, पडाल! आणि ती फ्रेम दवाखान्याची आहे."

"फ्रेम ठेवा. सून माझी आहे."

मागचे खिळे वाकवून मी फोटो बाहेर काढला, फ्रेम त्याच्या हातात दिली, कागद घेतले आणि निघाले. ती शेजारची बाई माझ्यासाठी दार धरून उभी होती.

घरी सून पेपर तपासत बसली होती. मी फोटो तिच्या पेपरांवर ठेवला आणि घडलं ते सांगितलं. तिने लाल पेन खाली ठेवलं.

"पुन्हा सांगा. ती मुलगी नक्की काय म्हणाली?"

मी पुन्हा सांगितलं.

"म्हणजे मी पास झालेल्यांत आहे?"

"हो."

"आणि ती बाई?"

"ती आलीच नाही."

सुनेने फोटो पेपरांवरून उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "सतरा नंबर."

मला कळलं नाही, तेव्हा तिने समजावलं. काही शाळा दहावीच्या कच्च्या मुलांना आपल्या शाळेतून परीक्षेला बसूच देत नाहीत. त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला लावतात. मग गेटवर बोर्ड लागतो, निकाल शंभर टक्के. पोरं तीच, शिकवणं तेच, फक्त नापास होणारी आधीच मोजणीतून बाहेर. "ह्यावरून मी स्टाफरूममध्ये भांडले आहे आई. प्रिन्सिपलशी भांडले आहे. आणि ह्यांनी तर वर नापासालासुद्धा पास धरलं!"

मग ती रडली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने. आणि रडता रडता तिने त्या दवाखान्याला एक शिवी दिली. ती इथे लिहीत नाही, पण मोहन्याची होती आणि चांगली होती. मला बरं वाटलं.

तिने कल्याणला जायचं स्वतः ठरवलं. मुलगा आणि मी मागून जिना चढलो. डॉक्टरीण माझ्याहून थोडी लहान असेल. सुनेने बसायच्या आधीच विचारायला सुरुवात केली. तुमचा आकडा इंजेक्शनं सुरू केलेल्या सगळ्या बायकांवर काढता, की गर्भ सोडलेल्यांवर? रक्ताची तपासणी मोजता, की घरी नेलेलं मूल? माझ्या वयाच्या बायकांचा वेगळा आहे का? दुसऱ्या, तरुण बाईचं बीज घेतलेल्या त्यात मिसळल्यात का?

"बसा आधी," डॉक्टरीण म्हणाली. "मी सुरुवात केलेल्या सगळ्या धरते आणि मूल घेऊन घरी गेलेल्याच मोजते. दुसरीकडून परत पाठवलेल्या, वय वाढलेल्या बायकाही घेते. म्हणून माझा आकडा लहान दिसतो. तुमच्या वयाचा वेगळा काढलेला आहे. दुसरीच्या बीजाच्या त्यात नाहीत. तुमच्या वयाचा आकडाही फार मोठा नाही, आधीच सांगते. आणि माझ्याकडे बायका थोड्या, त्यामुळे एखाद्या वर्षी चार जणी इकडच्या तिकडे झाल्या तरी आकडा हलतो. त्यावर फार विसंबू नका."

मग तिने सुनेचे कागद पाहिले. "तुमचं जे गेलं ना, ते बहुतेक वेळा गर्भातच दोष असला की जातं. तुम्ही जिना चढलात म्हणून नाही, उभं राहून शिकवलंत म्हणून नाही."

मुलाने विचारलं, "पण ह्या वेळी होईल ना नक्की?"

"नाही सांगता येत."

मुलाचं तोंड उतरलं. सुनेचे खांदे मात्र खाली आले. खूप दिवस ते कानांपर्यंत चढलेले होते.

माझा राग गेलेला नाही. मूल हवं असलेल्या बाईने मापात खोट आहे का, हे वकिलासारखं उलटतपासणी घेऊन का शोधावं? बोर्डावर आकडा लिहिता, तर कोणाला मोजलं आणि कोणाला वगळलं, तेही तेवढ्याच अक्षरांत का लिहीत नाही? परवा मी त्या रस्त्याने गेले, तर बोर्ड नवा आणि आकडा आणखी मोठा. फोटो मला काढून आणता आला. त्या जुन्या आकड्यातून सुनेला मी कशी काढणार होते?

सुनेने कल्याणला पुन्हा सुरू केलं, एवढंच सांगते. पुढचं विचारू नका. मी हे लिहिते आहे त्यावरून अंदाजही बांधू नका, काहीही झालं असतं तरी मी हेच लिहिलं असतं. विहीणबाईंचा मोहन्याहून रोज फोन येतो.

"काही कळलं का हो, विहीणबाई?"

"कळलं ना. कोथिंबीर महाग झाली."