जुन्या लॅपटॉपवरची सहल

मुलीने नवा लॅपटॉप घेतला आणि तिचा जुना माझ्याकडे राहिला. रविवारी दुपारी काही सुचेना, म्हणून फोटो आणि व्हिडिओ टीव्हीसारखे दाखवणारं एक जुनं सॉफ्टवेअर त्यावर टाकायला घेतलं. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, ते कंपनीने कधीच बंद केलंय. अडलं तर विचारणार कुणाला?"

"कुणाला कशाला विचारतोय? बघतो नुसतं," मी म्हणालो.

बऱ्याच खटपटीनंतर ते सुरू झालं. करणारे सोडून गेले होते, तरी ते आपलं काम विसरलं नव्हतं. निळ्या पडद्यावर भलीमोठी अक्षरं आली. जवळून ती विचित्रच दिसत होती. लॅपटॉप टीपॉयवर ठेवून मी सोफ्यावर जाऊन बसलो, तेव्हा उलगडा झाला. घरातल्या सगळ्यांना एकत्र बसून लांबून वाचता यावीत, म्हणून ती तशी होती. सोफा तिघांचा आहे. मी सवयीने कडेलाच बसलो होतो.

महाबळेश्वरच्या सहलीचा व्हिडिओ लावला. सुमन, माझी बायको, गेली त्याच्या आदल्या हिवाळ्यातला. तिनेच काढलेला, त्यामुळे त्यात सगळीकडे मी आहे आणि ती कुठेच नाही.

लॅपटॉपला तो पेलेना. चित्र माझ्या चेहऱ्यावर अडकलं, आवाज मात्र चालत राहिला. वारा, घोड्यांच्या टापा, आणि मग अगदी जवळून सुमन म्हणाली, "अहो, थंडी वाजतेय का? शाल देऊ?"

पडद्यावरचा मी गप्पच होतो.

"नको गं, बरं आहे," मी सोफ्यावरून म्हणालो.